कंपनीच्या पत्रात ‘इन्व्हेस्टिगेटरी’ लिहून आलंय, राजीनामा देऊ का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या पत्राचा हा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे. एका बियाणे कंपनीत ११ वर्षांपासून फील्ड असिस्टंट. यंदाच्या खरिपात कंपनीने डेमो प्लॉटसाठी, म्हणजे वाण कसं येतं ते दाखवायला शेतकऱ्यांच्या वावरात पेरायला, सोयाबीनच्या ४० थैल्या दिल्या होत्या. थैली कोणाला दिली ते रजिस्टरमध्ये शेतकऱ्याच्या सहीनिशी नोंदवायचं असतं. पेरणीच्या घाईत ९ सह्या राहून गेल्या. त्यातच यादीतल्या एका शेतकऱ्याने आधीच पेरून टाकलं होतं, म्हणून त्याच्या वाट्याच्या दोन थैल्या यांनी यादीत नसलेल्या एका विधवा बाईला दिल्या. आता मुख्य कार्यालयातून इंग्रजीत पत्र आलंय : नागपूरच्या ऑफिसात ‘इन्व्हेस्टिगेटरी मीटिंग’ आहे, रजिस्टर घेऊन हजर राहा. कृषी केंद्रातल्या इंग्रजी येणाऱ्या पोराने पत्र वाचून सांगितलं, “काका, चौकशी लागली तुमच्यावर.” साळा म्हणतो, काढून टाकण्याआधी इज्जतीने राजीनामा द्या. तोच असंही म्हणतो की राहिलेल्या सह्या आता गावात फिरून जुन्या तारखेने घेऊन टाका. मुलगी नवोदय विद्यालयात बारावीला आहे, तिला काही सांगितलेलं नाही. ते विचारतात : या शब्दाचा खरा अर्थ काय? हा आरोप आहे का? आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाने तिथे जाऊन बोलायचं तरी कसं?

भाऊ,

कंपनीचं पत्र चांगलं पानभर आहे. त्यात तारीख आहे, जागा आहे, काय घेऊन यायचं तेही आहे. पण घरातल्या सगळ्यांची नजर त्यातल्या एकाच शब्दावर खिळली, आणि तो नीट कळायच्या आत राजीनाम्याची भाषा सुरू झाली. म्हणून आधी शब्दाचंच पाहू.

मोबाइलमध्ये अर्थ शोधला तर ‘अन्वेषणात्मक’ असं आलं, असं तुम्ही लिहिलंय. तो शब्द वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल. अन्वेषण हा शब्द आपल्या कानावर पडतो तो सीबीआयच्या नावात, नाहीतर सीआयडीच्या. केंद्रीय अन्वेषण विभाग, गुन्हे अन्वेषण विभाग. त्यामुळे भाषांतराने मदत करण्याऐवजी भीतीच वाढवली. पण इंग्रजीत हा शब्द गुन्ह्याला बांधलेला नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘वेस्टिजियम’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ पाऊलखूण. माग काढायचा, एवढंच त्यात आहे. मेळघाटात किंवा ताडोब्यात वनरक्षक ओल्या मातीतल्या पंजाच्या ठशावरून जे करतो, ते. ठसा वाघाचा निघेल, बिबट्याचा निघेल, तडसाचाही निघेल. माग काढायला निघालेल्याला ते आधी ठाऊक नसतं.

तुम्ही असंही विचारलंय की बातम्यांमध्ये ऐकू येतो तो ‘इन्व्हेस्टिगेटिव्ह’ आणि हा ‘इन्व्हेस्टिगेटरी’ यांत फरक काय. अर्थाने जवळजवळ काहीच नाही. फरक आहे तो वापराच्या जागेचा. शोध पत्रकारितेला इन्व्हेस्टिगेटिव्ह म्हणतात, तो बोलण्यातही रुळलेला आहे. ‘इन्व्हेस्टिगेटरी’ हा कागदावरचा, कायद्याच्या आणि ऑफिसच्या भाषेतला शब्द. ब्रिटनमध्ये २०१६ साली सरकारी यंत्रणांना फोन आणि संदेश तपासण्याचे अधिकार ठरवून देणारा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स’ आहे. कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग पत्रांचे ठरीव मसुदे वापरतात, आणि हा शब्द त्यांतलाच आहे. तो वाचून पत्र लिहिणाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते ओळखता येणार नाही.

आणि हे विशेषण लागलंय ते मीटिंगला, तुम्हाला नाही. मीटिंग कशासाठी, तर काय घडलं ते शोधण्यासाठी. शोधून झालं असतं तर त्या जागी दुसरा शब्द आला असता.

तुमच्या मुलीच्या दप्तरातही हा शब्द असणार. सीबीएसईच्या बारावीला भौतिकशास्त्राच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिकात इन्व्हेस्टिगेटरी प्रोजेक्टला ३ गुण आहेत. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकातही प्रकल्प असतो, मुलं त्यालाही हेच नाव देतात. पेरू, म्हणजे आपल्याकडचा जाम, कच्चा असताना आणि पिकल्यावर त्यातलं ऑक्झलेट किती, वेगवेगळ्या दुधांत केसिन किती, असे ते विषय. मुलगी दुधाचे चार नमुने घेते तेव्हा एकाही गवळ्यावर आळ घेत नाही. उत्तर माहीत नाही म्हणून तपासते, मोजते, लिहून काढते. तुमच्या पत्रातला शब्द याहून वेगळा नाही.

आता दुसरी बाजू. तुम्हाला नुसताच धीर दिला तर ती फसवणूक होईल. शब्द निकाल सांगत नाही हे खरं, पण कंपनीला काहीतरी खटकलंय हेही तो सांगतो. ४० थैल्यांपैकी ९ थैल्यांपुढे सही नाही. हिशेब पाहणाऱ्या कोणालाही हे दिसणारच आणि त्याने विचारायलाच हवं. तुम्ही त्याच्या खुर्चीत असता तर तुम्हीही विचारलं असतं. म्हणजे प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. उत्तर अजून कोणी ठरवलेलं नाही. कृषी केंद्रातला पोरगा ‘चौकशी लागली’ म्हणाला तेव्हा यातला दुसरा भाग गळून गेला.

त्या पोराला दोष देत नाही. ‘चौकशी लागली’ हा आपल्या गावोगावचा वाक्प्रयोगच तसा आहे. सरपंचावर चौकशी लागते, ग्रामसेवकावर लागते, रेशन दुकानदारावर लागते, आणि ती लागली म्हणजे माणसाने पैसे खाल्लेले असणारच, असं पारावर ठरून जातं. त्याच पारावर कोणी दवाखान्यातून घरी आला की लोक त्याची चौकशी करायला जातात, आणि एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते. तिथे विचारणाऱ्याला आपण चोर समजत नाही. तुम्ही पत्र घेतलंत ते पहिल्या अर्थाने. निदान नागपूरला जाऊन येईपर्यंत ते दुसऱ्या अर्थाने घ्या.

पण तुमच्या हातात नेमकं कोणत्या पायरीचं पत्र आहे, हे मात्र कायम तपासायचं. हे तुमच्यासाठी आहे, आणि फायनान्स कंपनीत वसुलीला फिरणाऱ्या, गोदामात, जिनिंगमध्ये, खाजगी शाळेत काम करणाऱ्या इतर वाचकांसाठीही. ‘इन्व्हेस्टिगेटरी’, ‘फॅक्ट फाइंडिंग’ किंवा ‘प्रिलिमिनरी’ असं लिहिलं असेल तर अजून माहिती गोळा करणं चालू आहे. ‘शो कॉज नोटीस’ म्हणजे अमुक कारवाई का करू नये याचा खुलासा द्या. तिथे मुदत दिलेली असते आणि ती चुकवायची नसते. ‘चार्जशीट’ म्हणजे आरोप मुद्देवार मांडले गेले. ‘डिसिप्लिनरी’ लिहून आलं तर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. ‘सस्पेन्शन पेंडिंग इन्क्वायरी’ म्हणजे चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवलं, तीही शिक्षा ठरत नाही. तुम्ही पत्रातला जो मजकूर उतरवून पाठवलाय त्यात यातला फक्त पहिला शब्द आहे. आरोप नाही, खुलाशाची मागणी नाही, निलंबन नाही.

पहिल्या पायरीचा आणि पुढच्या पायऱ्यांचा हा फरक कोर्टानेही मानलेला आहे. १९६३ साली चंपकलाल चिमणलाल शाह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्राथमिक चौकशी ही माहिती गोळा करण्यासाठी असते, पुढे रीतसर चौकशी करायची की नाही हे ठरवता यावं म्हणून. शिक्षा करायची तर रीतसर चौकशी हवी, आरोप कळवायला हवेत, बाजू मांडायची संधी द्यायला हवी. तो खटला सरकारी कर्मचाऱ्याचा होता आणि तुमची कंपनी खाजगी आहे, म्हणून तो नियम जसाच्या तसा तुम्हाला लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याचं म्हणणं आधी ऐकायचं, हे तत्त्व खाजगी नोकरीतल्या चौकशीतही धरलं जातं.

खरं तर ही सगळी रीत तुमच्या रोजच्या कामात तुम्ही पाहिलेली आहे. सोयाबीन उगवलं नाही की शेतकरी तक्रार करतो. मग तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येते, त्यात कृषी अधिकारी असतात, शास्त्रज्ञ असतात, आणि कंपनीकडून तुमच्यासारख्याला तिथे उभं राहावं लागतं. समिती आल्याबरोबर बियाणं खराब असं लिहून देते का? आधी माती उकरून बी किती खोल पडलंय ते पाहतात. सोयाबीनचं बी तीन-चार सेंटिमीटरवर पडायला हवं, कोणी ट्रॅक्टरने आठवर टाकलेलं असतं. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला होता का ते विचारतात. थैलीवरचा लॉट नंबर घेतात आणि त्याच लॉटचं बियाणं शेजारच्या वावरात कसं उगवलंय तेही जाऊन पाहतात. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, ती नमुन्यातून तपासतात. हे सगळं झाल्यावर पंचनामा लिहिला जातो. त्यात कधी बियाणं दोषी निघतं, कधी पेरणी, कधी पाऊस. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता तेव्हा अशी किती वावरं तुम्ही पाहिली असतील. तिथे उभं राहून तुम्ही काय सांगत होतात? आधी तपासा, मग बोला, हेच ना? नागपूरला तुमच्या रजिस्टरचा तसाच पंचनामा आहे.

परदेशातली एक हकिगत इथे सांगाविशी वाटते, कारण तिच्यात तुमच्या कामाचे दोन धडे आहेत. ‘इन्व्हेस्टिगेटरी इंटरव्ह्यू’ हे शब्द अमेरिकेतल्या कामगारांच्या तोंडी आले ते १९७५ सालच्या एका निकालामुळे. तो ‘वाइनगार्टन’ नावाने ओळखला जातो. टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरातल्या एका दुकानात खाण्याच्या काउंटरवर एक बाई कामाला होती. दुकानाला कळलं की तिने २.९८ डॉलरचा चिकनचा डबा घेतला आणि गल्ल्यात टाकला एकच डॉलर. तिला आत बोलावून विचारपूस सुरू झाली. आपल्या युनियनचा माणूस सोबत असू द्या असं ती म्हणत राहिली, त्यांनी ऐकलं नाही. ती म्हणाली, चिकन एक डॉलरचंच घेतलं, पण लहान डबे संपले होते म्हणून मोठ्या डब्यात भरलं. विचारपूस करणाऱ्याने बाहेर जाऊन दुसऱ्या कामगाराला विचारलं, तर लहान डबे खरंच संपलेले होते. विषय मिटला, माफीही मागितली गेली.

इथे ती बाई रडायला लागली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं, आणि बोलता बोलता ती म्हणाली की मी आजवर इथलं फुकट काही खाल्लं असेल तर ते फक्त दुपारचं जेवण. झालं. पुन्हा नव्याने विचारपूस, सुमारे १६० डॉलर देणं लागतेस असा कागद पुढे, त्यावर सही कर म्हणून आग्रह. तिने सही केली नाही. पुढे निघालं असं की त्या काउंटरवरचे बाकीचे लोकही तिथलं जेवण तसंच घेत होते, आणि ते चालतं की नाही हे मुख्य कार्यालयालाही नक्की सांगता आलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागला की जिच्यातून शिक्षा होऊ शकते असं कामगाराला सकारण वाटतं, अशा विचारपुशीत युनियनचा माणूस सोबत मागण्याचा त्याला हक्क आहे.

आपल्याकडे खाजगी कंपनीच्या पहिल्या विचारपुशीत सोबती नेण्याचा असा सरसकट हक्क नाही. पण मागायला कोणाची मनाई नाही, आणि मागितल्याची नोंद राहते. दुसरा धडा मला जास्त मोलाचा वाटतो. त्या बाईचं खरं उत्तर साधं होतं आणि ते पडताळून खरंही निघालं होतं. ती फसली ती भीतीने आणि अपमानाने, कोणी न विचारलेलं बोलून गेल्यामुळे. तुमच्या पत्रात तुम्ही सह्यांबद्दल लिहिता लिहिता दोन वर्षांपूर्वीचा प्रवासभत्ता, मोटरसायकलचं पेट्रोल, एकदा पावसात भिजलेली पाकिटं, सगळं लिहून गेलात. मला लिहिलंत ते ठीक. नागपूरला या विषयाचं या विषयातच ठेवा.

मात्र त्या विधवा बाईच्या दोन थैल्या याच विषयातल्या आहेत. त्या लपवू नका. कोणी विचारायची वाटही पाहू नका. यादीतल्या शेतकऱ्याने आधीच पेरलं होतं, बियाणं पडून राहिलं असतं, शेजारच्या बाईचं वावर तयार होतं, म्हणून तिला दिलं. वरिष्ठांना फोन करून विचारायला हवं होतं, ते राहिलं. एवढंच सांगा, या क्रमाने सांगा. थैल्या विकल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. बाईच्या वावरात पीक उभं राहिलं असेल तर तो डेमो प्लॉट झालाच आहे, आणि तो कोणालाही जाऊन पाहता येतो.

साळ्याच्या दोन सल्ल्यांपैकी मागच्या तारखेच्या सह्यांचा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो. भाऊ, हे करू नका, कोणी कितीही म्हटलं तरी. आज तुमच्या रजिस्टरमध्ये नऊ जागा रिकाम्या आहेत. रिकामी जागा हा गाफीलपणा आहे, तो समजावून सांगता येतो. जुनी तारीख टाकून घेतलेली सही हा बनाव आहे, तो समजावून सांगता येत नाही. कंपनीकडे रजिस्टरच्या पानांचे फोटो आधीच गेलेले असू शकतात. आणि उद्या कोणी गावात येऊन विचारलं तर तुमच्यासाठी सही करणारा शेतकरी कारण नसताना अडचणीत येईल. त्याऐवजी सरळ मार्ग आहे. त्या शेतकऱ्यांकडे जा, कोऱ्या कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या की अमुक सुमारास इतक्या थैल्या मिळाल्या आणि अमुक वावरात पेरल्या. खाली आजची तारीख आणि सही किंवा अंगठा. कागद आज लिहिलाय हे कागदावरच दिसू द्या. यादीतल्या ज्या शेतकऱ्याने आधीच पेरून टाकलं होतं, त्याच्याकडूनही तसं लिहून घ्या.

मोबाइलमधलं काही पुसू नका. डेमो प्लॉटचे फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत असणारच. ते कोणत्या दिवशी गेले ते तिथे दिसतं, आणि आता त्या तारखा तुमच्या बाजूने बोलतील. थैल्या ट्रान्सपोर्टने आल्या असतील तर त्याची बिल्टी, कृषी केंद्रात उतरवून ठेवल्या असतील तर तिथली नोंद, हेही जमवा. पेरणीच्या आठवड्यातला एखादा निरोप सापडला तर फार चांगलं, ‘साहेब, माल वाटून झाला, सह्या उद्या घेतो’ असा.

राजीनाम्याबद्दल. इज्जतीने बाहेर पडणं, असं साळा म्हणतो. मी त्याच्या मायेवर शंका घेत नाही, बहिणीच्या घरावर किटाळ नको म्हणूनच तो बोलतो. पण इन्व्हेस्टिगेटरी मीटिंगचं पत्र मिळाल्यावर दोन दिवसांत आलेला राजीनामा नागपूरचा माणूस कसा वाचेल? फाइलमध्ये प्रश्न राहील, उत्तर राहणार नाही, आणि पुढच्या कंपनीने फोन करून विचारलं तर तेवढंच सांगितलं जाईल. गावातही तसंच. तुम्ही गेलात, विचारलं, सांगितलं, परत कामाला लागलात, तर महिनाभरात विषय जुना होतो. सोडून दिलंत तर लोक कारण आपापल्या मनाने भरतात. शिवाय राजीनाम्याने हिशेबाचा प्रश्न मिटत नाही, थैल्यांची किंमत शेवटच्या हिशेबातून कापायची गोष्ट निघू शकते. सलग पाच वर्षांहून जास्त नोकरी झालेल्याला राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटीचा हक्क असतो, हे माहीत असू द्या, तुमची तर ११ वर्षं झाली आहेत. उद्या तुम्हालाच ही नोकरी नको वाटली तर जरूर सोडा, पण या पत्राच्या धाकाने नको. आणि मीटिंगमध्ये कोणी छापील राजीनामा पुढे करून ‘यावर सही करा, विषय संपला’ असं म्हटलंच, तर घरी विचारून सांगतो म्हणा आणि तो कागद तिथेच ठेवा.

इंग्रजीचं. तुमच्या पत्रात या गोष्टीची लाज सगळ्यात जास्त दिसली, सह्यांपेक्षाही जास्त. ११ वर्षं तुम्ही शेतकऱ्यांना लॉट नंबर, उगवण, बीजप्रक्रिया मराठीत, वऱ्हाडीत समजावून सांगताय आणि कंपनीचा माल त्याच भाषेत विकला जातोय. तेव्हा भाषा चालली, तर आता का चालू नये? मराठीत बोलायचं आहे असं आधीच लिहून कळवा. नागपूरच्या ऑफिसात मराठी समजणारा माणूस नसेल असं मला वाटत नाही. तिथे जाऊन मोडक्या इंग्रजीत ‘येस सर, माय मिस्टेक’ म्हणून मोकळं होण्याचा मोह फार होतो. ते दोन शब्द कागदावर ‘चूक कबूल केली’ असे उतरतात. सही राहिली ही चूक आहेच, ती पूर्ण वाक्यात सांगा : थैल्या दिल्या, सह्या घ्यायच्या राहिल्या.

पत्राला उत्तर मात्र आजच द्या, ईमेलने किंवा ज्या मार्गाने पत्र आलं त्याच मार्गाने. हे असं चालेल :

“आपलं पत्र मिळालं. ठरलेल्या दिवशी मी रजिस्टरसह हजर राहीन. बैठक कोणत्या बाबीसंबंधी आहे, कोणत्या काळातल्या नोंदी पाहायच्या आहेत आणि आणखी कोणती कागदपत्रं आणायची, हे आधी कळवावं. मला मराठीत उत्तरं देऊ द्यावीत आणि जे लिहून घेतलं जाईल ते मराठीत वाचून दाखवावं, ही विनंती. सोबत एखादा सहकारी आणता येईल का, तेही कळवावं.”

यात गयावया नाही आणि भांडणही नाही. खुलासा तर मुळीच नाही, कारण तो अजून कोणी मागितलेला नाही. या वाचकांसारखं पत्र ज्यांना ज्यांना आलं असेल त्यांनी हाच मजकूर आपल्या कामाप्रमाणे बदलून घ्यावा.

मुलीला सांगायचं की नाही, याचं माझं उत्तर सांगा असंच आहे. ती बारावीला आहे, तिच्या परीक्षेत व्यत्यय नको हा तुमचा विचार कळतो. पण घरात काहीतरी शिजतंय हे हॉस्टेलवरून फोन करणाऱ्या पोरीलाही कळतं, आणि न सांगितलेलं नेहमी खऱ्यापेक्षा मोठं वाटतं. तिला पत्राचा फोटो पाठवा, ओळ न् ओळ वाचून सांग म्हणा. तुमच्या घरात हे पत्र घाबरल्याशिवाय वाचू शकणारी तीच आहे, कारण हा शब्द तिच्यासाठी रोजचा आहे. वर दिलेलं उत्तर इंग्रजीत करून द्यायचं झालं तर तेही ती करील, कृषी केंद्रात जायची गरज नाही.

मीटिंगच्या दिवशी रजिस्टरची आणि सगळ्या कागदांची एक झेरॉक्स आपल्याकडे ठेवून मूळ प्रती न्या. मूळ रजिस्टर ठेवून घेतलं तर पोच मागा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाजाने तारीख सांगू नका, सातव्या थैलीची तारीख चुकली की बाकीच्या खऱ्या तारखांवरही शंका येते. शेवटी जबाबाचा कागद सहीला येईल. तो वाचून घ्या, वाचून दाखवायला लावा, तुम्ही बोलला नाहीत असं काही असेल तर ते खोडून मगच सही करा. दुरुस्त करू देत नसतील तर सहीशेजारी मराठीत लिहा की अमुक मजकूर मला मान्य नाही. प्रत मागा. दिली नाही तर परतीच्या एसटीत बसल्या बसल्या कोणी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलं ते आठवेल तसं वहीत उतरवून काढा, आणि घरी पोचल्यावर त्याचा चार ओळींचा सारांश ईमेलने कंपनीला पाठवून द्या. त्यानंतर शो कॉज किंवा चार्जशीट आलीच, तर मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाकडे कागद घेऊन जा. ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे आधी विचारा. पत्रावरची मुदत संपायच्या आत जा.